पाय ठेवू नये

दिवसा मी फूटभर अक्षरं कापते.
ट्रॉलीच्या फाळक्यावर, छोट्या हत्तीच्या कपाळावर,
बुलेटच्या टाकीवर: आईची पुण्याई,
वाघाचे डोळे, मुलीचं नाव.
दर्यापूर-अंजनगाव रस्त्यावर
सगळ्यांत आधी माझं रेडियम धूळ खातं.

रात्री शटर अर्धं ओढून
तळहाताएवढं विमान काढते खोक्यातून.
जोडून झालं, रंगवून झालं,
वर चकाकीचा हात देऊन
दोन दिवस कुरड्यांच्या टोपल्याखाली झाकलं.
आता डिकल.
निळसर कागदावर चक्रं, अंक, बाण
आणि मुंगीच्या पावलांएवढ्या ओळी,
भिंगाखाली धरल्या की इंग्रजीत दरडावतात:
पाय ठेवू नये.

शेजारच्या शेवंतामावशी वाकून बघतात.
“एवढुसं कोन वाचीन वं पोरी?”

आमचा खारपाणाचा पट्टा. बोअरच्या पाण्यात
तुरीची डाळ शिजत नाही
आणि डिकल बुडवलं तर वाळल्यावर
त्याच्याभोवती मिठाची शीव उमटते.
म्हणून कडूंकडून बॅटरीचं पाणी, बाटलीभर.
चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगर, झाकणभर.
पोऱ्या विचारतो, “ताई, नुसतंच आंबट?”

कूलर बंद. मे महिना, रात्रीचे अकरा,
टेबलाची काच अजून तव्यासारखी.
पण कूलर लावला की चक्र उडतं.
एक मागे माझ्या कोपराला चिकटलं,
दुसऱ्या दिवशी आंघोळीत गेलं.

कागद बुडवायचा, विसापर्यंत मोजायचं,
बाहेर काढायचा आणि मग
काही करायचं नाही.
इथेच हात शिवशिवतात.
ओढलं तर फाटतं.
कागदाला सोडू द्यावं लागतं,
मग बोटाखाली ते जरासं हलतं,
वाटी कलती केल्यावर साय हलते तसं.

आज दुपारी धनंजय गावंडे ट्रॉली घेऊन आला.
नऊ वर्षांमागे मीच लावलेलं, पिवळ्यात:
गावंडे बंधू.
म्हणाला, “दुसरा शब्द काहाडून टाक.”
म्हटलं, पूर्णच नवं करून देते.
“नाई. पह्यला राहू दे. पह्यला त माहाच हाये.”

गरम हवेनं ‘ब’चा कोपरा सुटला,
पात्यानं बाकीचा.
‘धू’चा उकार तेवढा धरून बसला,
नखानं खरवडावा लागला.
सगळं निघालं आणि खालून आला लाल रंग,
नऊ वर्षं ऊन न पाहिलेला,
भोवती सगळा फाळका विटकरी पडलेला.
बंधू.
आधीपेक्षा ठळक.

तो बराच वेळ गुटख्याची पुडी चुरगाळत राहिला.
“याच्यावर काही लाव.”
काय लावू?
“काहीबी. फूल लाव.”
सूर्यफूल लावलं, परातीएवढं.
दोन पाकळ्यांच्या फटीत
अनुस्वार राहिलाच.
त्यानं पाहिला, मीही पाहिला.
पैसे फुलाचे घेतले,
काढायचे नाही घेतले.

चक्र बसलं डाव्या पंखावर.
खाली हवा राहिली की उजेडात चंदेरी दिसतं,
आणि कुणालाही कळतं,
हे चिकटवलंय, अंगचं नाही.
टाचणीनं टोचलं, आंबट थेंब सोडला,
कापसानं दाबत नेलं मधून कडेकडे.
आधी सुरकुतलं, मी घाबरले,
मग हळूच पत्र्याच्या रेघांत उतरलं.

शेवटी ती ओळ.
पंखाच्या मुळाशी,
जिथे माझ्या करंगळीचं नखही मावत नाही.
श्वास धरून लावली.
बहुतेक तिरपी गेली.

बाहेरून रिकामी ट्रॉली खडखडत गेली.
आवाजावरून कळतं मला, कोणाची.
वर पाहिलं नाही.
ओळ अजून ओली होती.