पेन्सिलीनं

रबाळ्याची कंपनी बंद पडल्यापासून
अण्णा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, हवा लिहितात.
झालेली शाईनं, व्हायची पेन्सिलीनं.
खोडरबर खिशात.

फाल्गुन म्हणजे घर सोडणारा भाडेकरू, म्हणतात,
सामान बांधून दारातच बसलेला.

सोमवार: धुरकं. खिडकीतून पारसिक गायब.
मंगळवार: पहाटे गोधडी, दुपारी पंखा पाचवर.
बुधवारी खाडीवरून वारा,
चुकला तर गुरुवारी.
शुक्रवारी मळभ;
वरच्या वैजूला सांगणे, कुरडया घालू नको.

शनिवारी आईच्या डोळ्याची पट्टी सुटायची आहे.
त्या एका चौकोनात
शाईनं, जरा दाबूनच लिहिलंय,
मागच्या पानावर उमटलंय:

डोंगर स्पष्ट.
झाडन्‌झाड.