पंचिंग

नायनाने चाळीस वर्षं भोकं पाडली
साखर पेठेतल्या बोळात, पुठ्ठ्याच्या कार्डांवर,
जॅकार्डच्या सुईला वाट मिळावी म्हणून.
एक भोक चुकलं
की चादरीवरच्या मोराची चोच
थेट त्याच्याच मानेत घुसायची,
आणि मग शंभर चादरी तशाच.

म्हणून डॉक्टरांनी पॅडवर डोकं काढलं,
त्यावर पेनाने दोन टिंबं दिली,
इथून आणि इथून तार जाईल, म्हणाले,
बॅटरी छातीच्या कातड्याखाली,
तुम्ही जागेच असाल,
तेव्हा आम्ही सगळे डॉक्टरांकडे बघत होतो
आणि नायना त्या टिंबांकडे.

माप कशावरून घेता?
एवढंच विचारलं त्याने.
डॉक्टरांनी समजावून सांगितलं, घाई न करता.
त्यानेही घाई न करता ऐकलं.
रिक्षात, सात रस्त्याच्या सिग्नलला, म्हणाला,
नको.

तो उन्हाळा मी वाईट वागले.
फाईल घेऊन हिंडले, कर्जाचं बघितलं,
भावाला हैदराबादहून बोलावून घेतलं,
भित्रा म्हणाले, तेही त्याला ऐकू जाईल असं.
शेवटी समोरच्या राजमणी मुशनला घरी आणलं,
पुण्याला जाऊन करून आलेली,
केस परत वाढलेले, हात मांडीवर गप्प.
म्हटलं, अक्का, तू सांग त्याला.

अक्काने चहा घेतला, बशीत थेंब न सांडता.
म्हणाली, लोकांना वाटतं विड्या वळायला केलं मी.
विड्यांचं काय घेऊन बसलात,
मला रात्री कूस बदलायची होती गं,
नवऱ्याला न उठवता.
जीभ थोडी जड झालीय, ऐकतेस ना?
ते मी आधीच हिशेबात धरलं होतं.
मग नायनाकडे वळून, तेलुगूत:
अन्ना, तुझी कूस तुझी.

नायना हसला.
त्याचा चेहरा आता हसत नाही,
खांदे हसतात.
मी कपबशा जरा जास्तच जोरात विसळल्या.

कारण? विचारलं ना, एकदा, गच्चीवर,
सतरंजी टाकताना.
म्हणाला, गिऱ्हाईक डिझाईन नको म्हणायचं
तेव्हा मी कधी कारण विचारलं?
कार्डं दोरीत ओवून, बांधून वर ठेवायचो.
फाडायचो नाही.

फाईल आता माळ्यावर आहे.
दोरी मीच बांधली, सुटेल अशी.

संध्याकाळी दोघं कट्ट्यावर बसतात,
तिच्या पिशवीत रिमोट, याच्या खिशात गोळ्यांची डबी,
आणि बोलणं सुताच्या भावाचं.
येणारे-जाणारे आळीपाळीने दोघांकडे बघतात,
ताडून पाहिल्यासारखे.
मीही बघायचे.

सहाची गोळी आज चढायला उशीर करतेय.
शर्टाची दुसरी गुंडी लागली.
तिसरी काजाशी येते, निसटते,
परत येते.
मी दारात उभी आहे,
हात पाठीमागे धरून.