पोटखराबा

नान्नजच्या अलीकडे तारेचं कुंपण संपतं.
शेवटच्या खांबावर वनखात्याची पाटी,
तिच्यावरचा माळढोक उन्हानं इतका विटलाय
की मान कुठली नि गवत कुठलं, कळत नाही.
खांबाच्या बाहेर माझं काम.

गट नंबर चारशे बारा. एकोणीस हेक्टर.
उताऱ्यावर एकच शब्द: पोटखराबा.
सव्वीस वर्षं भूकरमापक म्हणून
हा शब्द माझ्याच अक्षरात उतरवत आलोय
आणि त्यातलं पोट
कधी वाचलं नव्हतं.

नकाशा आधीच रंगवून आलाय,
रस्ते करडे, प्लॉट पिवळे, कोपऱ्यात बाग.
नावही ठरलंय: माळढोक ग्रीन सिटी.

तिपाई रोवली. बुडबुडा मधोमध आणला.
जुन्या यंत्रात जग उलटं दिसायचं,
आता सरळ दिसतं:
कुसळी, पवन्या, हेकळीचं एक खुरटं झुडूप,
झुडपाला टेकून बनाबाई कोळेकर,
पाय पसरलेले, मेंढरं जशी दुसऱ्याच कुणाची.

"सायेब, हितं खुंटी नगा ठोकू."
का?
"बाळंतीण हाय."

मला वाटलं, मेंढी.
तिनं हनुवटीनं ओघळ दाखवली.
काठाला बीळ, तोंडाशी उकरलेला मुरूम,
चघळून चघळून गुळगुळीत झालेलं एक हाड,
आणि आतून, अगदी आतून,
कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर चढल्याची
बारीक कुरकूर.

लांडगी.
मी दोन पावलं मागं आलो. साखळीवाला चार.

"दोन कोकरं नेली हिनं माझी," बनाबाई म्हणाली,
"भांडाण आमचं आमचं हाय.
तुमचं काय हितं?"

मी म्हणालो, पलीकडे अभयारण्य आहे की,
तिकडं का नाही राहत?
"तार तिला कुणी वाचून दाखवली न्हाई."
मग जरा थांबून, तंबाखू चोळत,
"रातचं जाती तिकडं. पर घर हितं.
तुमी बी हापिसात ऱ्हाता व्हय?"

उत्तर सुचलं नाही.
यंत्र बंद केलं तेव्हा वारा ऐकू आला,
झाडं नसलेल्या जागी तो असा येतो
की कान धरून बसावं.

शेरा लिहिला:
मोजणी अपूर्ण. जागेवर हरकत.
हरकतदार क्रमांक एक, बनाबाई म्हाळाप्पा कोळेकर, अंगठा.
हरकतदार क्रमांक दोन
सहीसाठी बाहेर आली नाही.

साहेब हसतील, किंवा नोटीस देतील.
पुढच्या तारखेला दुसरा मापक येईल,
तरुण, रोव्हर घेऊन, अर्ध्या तासात उरकणारा.
तोवर पिल्लांचे डोळे उघडलेले असोत.

बार्शी रोडला लागलो तरी
न ठोकलेली खुंटी जीपच्या पत्र्यावर
गडगडत होती.
साखळीवाला म्हणाला, पायाखाली दाबून धरू का?
म्हटलं, राहू दे.