साक्षीदार

निवृत्तिवेतन कार्यालयात नेलिदाबरोबर मी गेलो,
साक्षीदार म्हणून.
बावीस वर्षं तिच्या वर्गात पियानो वाजवतोय,
म्हणजे निम्मा वेळ वाजवतो.
उरलेला निम्मा ती हात वर करून म्हणते, थांब,
यांना आधी एकमेकांचा श्वास ऐकू दे.

जुलैतली थंडी. माँतेव्हिदेओच्या बंदरावरून वारा थेट आत.
खिडकीपलीकडचा माणूस सभ्य होता,
काखेत थर्मास, हातात माते.
बेचाळीस वर्षांचे पुरावे लागतील, म्हणाला.
नेलिदानं पिशवी उपडी केली.
एसेनच्या शाळेचं प्रमाणपत्र, जर्मनमध्ये.
त्याच शहरातल्या रुग्णालयाचा दाखला,
की या बाईंनी तीन वर्षं रात्रपाळीत ताटं धुतली.
तो मात्र चोख, शिक्क्यासकट.
अकरा रचनांपैकी दोनच चित्रित झालेल्या,
एकीत पहिल्या रांगेतल्या कुणाचं तरी टक्कल
शेवटपर्यंत मधे येतं.

आणि लोकर कातरणाऱ्यांवरची ती?
तिचं काही नाही.
ती सहा जणांच्या पोटऱ्यांत ठेवली होती.
एक वारली, एक बार्सिलोनात टॅक्सी चालवतो,
दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

संगणकात व्यवसायांची यादी होती.
मनोरंजन. व्यायामशिक्षक. इतर.
व्यायामशिक्षक ती एकदा होऊन चुकली आहे,
नगरपालिकेच्या शाळेत, मुलं सहा वर्षांची,
शिट्टी गळ्यात. शिट्टी तिनं एकदाही फुंकली नाही.

आमचा वर्ग जुन्या लोकरीच्या गोदामात भरतो.
फळ्यांत मेंढ्यांचा तेलकटपणा असा मुरलाय
की पोरं घरी जातात ती कळपाचा वास घेऊन.
पहिल्या दिवशी ती उडी शिकवत नाही.
पडायला शिकवते.
आपटणं वेगळं, म्हणते, कोसळणं वेगळं,
घसरणं, ढासळणं, अंग टाकणं, लोळण घेणं,
सगळी वेगवेगळी, आणि त्यांच्या अधेमधे
एक आहे ज्याला नाव नाही:
जमीन वर येते,
तू तिला नाही म्हणत नाहीस.
फाब्रिसियोला, खाटकाकडे काम करतो तो,
हे समजायला सात महिने लागले.
मग एका गुरुवारी तो असा खाली गेला
की माझी बोटं पट्ट्यांवरून उठली, आणि ती म्हणाली,
हं. आता डावीकडून.

बाई, तो सभ्य माणूस म्हणाला,
कागद राहू द्या, पण काम काय केलंत
ते काहीतरी दाखवायला हवं ना.

तिनं कोट काढला. घड्याळ माझ्या हातात दिलं.
चौसष्ट वय, उजव्या खुब्यात धातू,
लादीवर ओल्या बुटांचे ठसे.
मला कळलं, मी घड्याळ घट्ट धरलं.
ती आधी मानेतून गेली, मग बरगड्यांतून,
एकेक मणका खाली सोडत,
आणि पाठ टेकली तेव्हा
लादीला कळलं असेल तर असेल, आम्हाला आवाज आला नाही.

मग बराच आवाज झाला.
खुर्च्या सरकल्या, कुणी पाणी आणलं,
कुणी साखर, रांगेतल्या एका आजोबांनी
स्वतःची रक्तदाबाची गोळी पुढे केली.
त्या माणसानं घाईघाईनं लिहिलं:
अर्जदार चक्कर येऊन पडल्या. पुढची तारीख ऑगस्टची.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, समुद्राच्या बाजूनं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मला वाटलं, तारखेचं मनाला लागलंय.
किंवा 'चक्कर' या शब्दाचं.
चार थांबे गेले.
डावा हात उशिरा आला, म्हणाली,
पाहिलंस?

पाहिलं, मी म्हणालो.
अर्धी मात्रा.