माप

शनिवार, सकाळचे आठ. सोकोरोच्या बाहेर,
बंद पडलेल्या टायरच्या गोदामामागे
बाका सर टेबलावर तीन पिस्तुलं मांडतात,
निळ्या टॉवेलवर, पान वाढल्यासारखी.
"यातलं एक उचला. स्वतःचं आणलं असेल तर दाखवा."

मी दाखवते.
आमच्या औषधांच्या दुकानाचा आधीचा मालक
मागच्या खणात, रबरबँडांच्या गुंत्यात, विसरून गेला ते
छोटंसं रिव्हॉल्व्हर.
माझ्या मुठीत असं बसतं
की कुणी आधी पंजा मोजून नेला असावा.

"बावीसचं," ते म्हणतात, आणि परत देतात
दोन बोटांत धरून, मेलेली पाल द्यावी तसं.
"एवढं बारीक माझ्या वर्गात चालत नाही.
रिव्हॉल्व्हरही नाही.
आणि ऐका, ज्यावर परीक्षा द्याल
परवान्यावर तेच चढेल."

मिरजेच्या बाजारात कासारीण
माझा पंजा चुरगाळायची, अंगठा आत दुमडायची :
सैल सोड गं बाय, सैल सोड,
घट्ट धरलास तर काच फुटंल.
दोन-चारचं माप. तीस वर्षं झाली, तेच आहे.

"घट्ट," बाका सर म्हणतात. "अजून घट्ट.
अंगठा बाहेर."

टॉवेलवरचं सगळ्यात लहान घेतलं तरी
माझं बोट चापाच्या अलीकडेच संपतं.
हात थोडा फिरवून घेते, मग पुरतं,
मग नेम डावीकडे जातो.

माझ्या शेजारी एर्लिंडा चावेझ,
वय एकाहत्तर, अडतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले.
स्लाइड मागे ओढायची असते. ती ओढते.
स्लाइड जागची हलत नाही.
पुन्हा. मग गुडघ्यात धरून. मग दात आवळून.
तिचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर पिशवीतच आहे,
सँडविचच्या डब्याखाली,
ते तिला चालवता येतं, वर्गात चालत नाही.
अकरा वाजता ती डबा उचलते आणि गाडीकडे जाते.
फी परत मिळत नाही. तसं भिंतीवर लिहिलंय.

मी का आले?
डिसेंबरमध्ये एकाने खिडकीतून चिठ्ठी सरकवली होती.
सगळ्या गोळ्या दे, नाहीतर.
नाहीतरच्या पुढे त्याने काही लिहिलं नव्हतं.
आमच्या भाषेत दोन्हींना शब्द एकच, म्हणून
मी एकटीच त्या काउंटरमागे
वाक्य पुरं करू शकले असते.
पण मी डबे काढून दिले. हात सैल सोडून.

दुपारी पंचवीसपैकी एकवीस.
बाका सर पाठीवर थाप मारतात, माणूस वाईट नाही,
सर्टिफिकेटावर माझं नाव चुकवतात,
विचारून पुन्हा लिहितात : वैजयंता.
अंगठ्याच्या बेचक्यात स्लाइडने सोललेली जागा
घरी जाईपर्यंत चुरचुरते.

मंगळवारी एर्लिंडा काउंटरवर.
"झालीस पास?"
"झाले."
"मग कुठंय?"
"कागदावर आहे ते दुकानात मिळतं, सहाशे डॉलरला.
खणात आहे ते कागदावर नाही."
ती इतकी हसते की मागचा माणूस पुढे वाकून बघतो.
"मी कुत्रा आणलाय," ती सांगते. "बहिरा आहे.
म्हणून स्वस्तात दिला."

मी तिच्या संधिवाताच्या गोळ्या मोजते, पाच-पाच करून.
बाटलीचं झाकण पोरांना उघडू नये असं,
दाबून फिरवायचं, तिच्याकडून फिरत नाही.
त्याला आमच्याकडे एक फॉर्म आहे,
एका ओळीचा : मला साधं झाकण हवं.
कारण विचारत नाहीत.
ती सही करते, टपालखात्यातली, लांब शेपटीची.
मी झाकण बदलते,
तिच्या हातात देते,
आणि उघडून बघ म्हणते, इथेच, माझ्यासमोर.