भित्री भुतं

गेल्या वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवरचं
एक लाल फूल मिहिकानं खाल्लं
आणि रात्री दहापर्यंत तिच्या गालावर, मानेवर
गांधी उठल्या, नकाशातल्या बेटांसारख्या.
डॉक्टर म्हणाले, रंग टाळा.
जणू रंग कोपऱ्यावर उभे असतात
आणि आपण फक्त पलीकडच्या फुटपाथनं जायचं.

यंदा सोसायटीत हॅलोविन.
मुलांनी भुतं होऊन यावं, आयांनी खाऊ आणावा.
मी म्हटलं, कुकीज माझ्याकडे.
एकवीस वर्षं आठवीला लिटमस शिकवतेय,
एवढं जमेल.

बोहरी आळीत भुताचा साचा नाही.
मोदक आहे, मासा आहे, बदाम आहे.
तांबट आळीतल्या एका म्हाताऱ्यानं
पत्र्याची पट्टी हातात धरून विचारलं,
भूत दिसतं कसं?
मी पावतीच्या मागे काढून दाखवलं.
तो बघत राहिला. म्हणाला,
हे तर ताप आलेलं पोर आहे, चादर घेतलेलं.
चाळीस रुपये घेतले.

मंडईतून बीट, पालकाची एक जुडी.
पार्किंगच्या जाळीवरची गोकर्णीची बावीस फुलं,
सेक्रेटरी गावाला गेल्याची खात्री करून तोडलेली.
डोळ्यांना काळे तीळ. हळद घरात होतीच.
गुरुवार, म्हणजे नळाला पाणी नाही;
बीट किसलेले हात बादलीत बुडवले
तर बादलीत खून झाल्यासारखं दिसायला लागलं.
मिहिका खूश.

मग ओव्हनच्या काचेशी आम्ही दोघी.
आणि तिथे, एकशे सत्तरवर,
माझा एकेक रंग कच खायला लागला.
बीट विटलं.
पालकाला शेवाळ चढलं.
गोकर्णीची निळाई शाळेच्या भिंतीसारखी झाली,
ज्या रंगाला नाव कुणी विचारत नाही.
आणि हळद,
हळदीनं सोडा पाहिला
आणि जागोजाग लालेलाल झाली.

दरवर्षी मीच फळ्यावर लिहिते:
हळद अधिक आम्लारी, बरोबर लाल.
कुंकू असंच करतात हेही सांगते,
मुलं वहीत उतरवून घेतात.
आणि स्वतःच्या पिठात सोडा घालताना
मला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही.

बाटलीतला लाल कशाला भीत नाही.
ना आचेला, ना लिंबाला,
दुसऱ्या दिवशी दात घासले तरी
जिभेवर ठाण मांडून असतो.
भितात ते हे, मातीतले, वेलीवरचे.
यांना कुणी काही बोललं की चेहरा बदलतो.
ट्रेमध्ये अडतीस भुतं
आणि सगळीच्या सगळी घाबरलेली.

वरून कच्च्या बिटाचा रस
पिठीसाखरेत कालवून फासला.
तो तेवढा गुलाबी राहिला,
भट्टीत गेला नव्हता ना.

गेटवर घुगे वॉचमनला दोन दिल्या.
त्यांनी एक उजेडात धरून पाहिली.
मॅडम, म्हणाले, ही हडळ सवाष्ण दिसते.
खरंच, डाग नेमका कपाळावर पडला होता.

रात्री नऊला, लिफ्टजवळच्या ट्यूबखाली
चादरीतून एक तोंड बाहेर आलं
आणि त्याच्या डाव्या गालावर
लाल.
बोटभर, कडा धूसर.
मी शेजारणीशी काय बोलत होते ते तिथेच राहिलं.
अंगठा जिभेवर टेकवला आणि पुसलं.

निघालं.

गोड लागत होतं, अंगठ्याला बिटाचा वास होता.
तरी परत पुसलं. मग एकदा
मान वळवून, कानामागे बघून, पुन्हा.
आई, ती म्हणाली,
सोड ना,
गाल झिजेल.