शेवटचा थेंब फुंकू नये

बस, नेस्तान. आधी हात गरम कर.
तिबिलिसीत मार्च उजाडला तरी
या खोलीतला हीटर नावालाच.

ही बघ, पोटाची पिपेट.
अजगराने अंडं गिळावं तशी मधेच फुगलेली.
दहा मिलिलिटर. मानेवर एकच रेघ.
पाण्याची खालची कमान त्या रेघेवर टेकू दे.
डोळा तिच्या पातळीला आण,
वरून बघणाऱ्याला सगळं जास्तच दिसतं.
आता बोट सैल कर, टोक भिंतीला लाव, वाहू दे.
आणि टोकात जो थेंब अडून बसतो
तो फुंकू नकोस.
दूध पोळलेले ताक फुंकतात, फुंकू देत.
हा थेंब काच घडवणाऱ्याने
आधीच हिशेबातून वगळलाय.
तो पिपेटचा. आपला नव्हे.

ही दुसरी, शिंप्याच्या टेपसारखी अंगभर रेघांची.
दोन माग, अडीच माग, साडेतीन माग, देते.
मात्र हिच्या शब्दावर फार विसंबायचं नाही.
गळ्याशी दोन कडी दिसली
तर शेवटचा थेंबही फुंकून घ्यायचा.
हो, मघाशी नाही म्हणाले.
काचेलाही आपापले कुळाचार असतात.

रबरी फुगा? आमच्याकडे तोंड होतं.
वर कापसाचा बोळा, आणि बोळ्यावर भरवसा.
एकदा फोन वाजला आणि त्सिआलाने
आमांशाचे जंतू गिळले.
थुंकली, द्राक्षाच्या दारूने चूळ भरली,
आणि म्हणाली, 'कुठवर आले होते मी? चौदावी नळी?'
पुढचे नऊ दिवस मात्र
मोजायला ती नव्हती.

मग तो हिवाळा, वीज नसलेला.
जंतू खाणाऱ्या विषाणूंच्या बाटल्या
आम्ही खिडकीच्या कठड्यावर ठेवायचो, कोटात गुंडाळून.
पिपेटा संपल्या.
त्सिआला रॉकेलच्या बर्नरवर काचेची नळी धरायची,
लाल झाली की दोन्ही हातांनी ओढायची,
शेवई निघावी तशी काच निघायची.
मधे तोडली की दोन पिपेटा.
ना रेघ, ना आकडा. थेंब मोजायचे, बस्स.
शेजारच्या बादरीचा पाय चिघळला होता.
रोज सकाळी वीस थेंब, अठरा दिवस.
आता तो रुस्तावीत टायर विकतो.
मला ओळखत नाही.
पाय सरळ टाकतो, मी पाहिलंय.

आणि ही तुझी, अंगठ्याची.
पहिल्या थांब्यापर्यंत दाब, बुडव, सावकाश सोड.
ओतताना दुसऱ्या थांब्यापर्यंत जा,
इथे काही उरू द्यायचं नसतं.
दर वेळी नवं पिवळं टोक,
टक्, गेलं कचऱ्यात.
मला अजून तो आवाज उधळपट्टीचा वाटतो.
भरलेली आडवी ठेवू नकोस, रस तिच्या पोटात शिरतो,
मग ती महिनोन् महिने खोटं बोलते
आणि तुझ्या वहीत ते खरं म्हणून उतरतं.

एक सांगायचं राहिलं. तळच्या खणात
टोक उडालेली एक आहे.
वरच्या काठाला विटकरी लिपस्टिक.
बाकी सगळ्या आम्लात घाल.
ती नको.

झाले हात गरम?
साध्या पाण्याने सुरुवात कर. दहा वेळा.
दर वेळी तराजूवर धर, वजन लिही.
चुकलेलंही लिही.
खोडायचं नाही.